शून्याचा खिळा

प्रवेशाची यादी बोर्डावर लागली तेव्हा मी शाळेच्या मागच्या अंगाला गटाराची लेव्हल घेत होतो. पुढून गर्दीचा आवाज येत होता. मी तिकडे गेलो नाही. यादीतला प्रत्येक आकडा मीच चालून आणला होता. त्यात मला नवीन काय दिसणार होतं?

तेवढ्यात यमुनाबाई समोर येऊन उभ्या राहिल्या. काखेत रिकामं घमेलं. शाळेची इमारत उभी राहत होती तेव्हापासून त्या इथे बिगारी कामाला होत्या. आधी विटा आणि रेती वाहिली, मग भिंतींवर पाणी मारलं. राहायला उंबरवाडीत. वाडी म्हणजे डोंगराच्या पायथ्याची पंचवीसेक घरं, सगळी कातकऱ्यांची.

"दादा, आमच्या मनीचं नाव पार खाली हाये," त्या म्हणाल्या. "साडेतीन किलोमीटरच्या वर लिवलंय. तेवढं कोण चाललं?"

"मी चाललो."

"कुठून?"

"रस्त्याने."

त्यांनी घमेलं दुसऱ्या काखेत घेतलं. आवाज न चढवता म्हणाल्या, "आमी रस्त्यानं कंदी येतो?" आणि कामाला लागल्या.

माझा हात लेव्हलच्या स्क्रूवर होता. हा प्रश्न कुणीतरी विचारणार, याची मला दहा दिवस भीती होती. का, ते सांगायला आधी थोडं कामाचं सांगावं लागेल.

मी सर्व्हेचं काम करतो, म्हणजे जमिनीची आणि अंतरांची मोजणी. अंबरनाथ पूर्वेला सावंतसाहेबांचं छोटं ऑफिस आहे, तिथे मी चौदा वर्षं आहे. गाव माझं किनवटकडचं, रेल्वेने पूर्ण एक दिवस आणि वर एसटी. शिक्षण विचारलं तर मी आठवी सांगतो. खरं म्हणजे आठवीत मी चार महिनेच बसलो. गावात शाळा सातवीपर्यंत होती, पुढची अकरा किलोमीटरवर, आणि एसटी तिच्या मनाला येईल तेव्हा यायची. एकदा पावसात आठ दिवस बुडाली. नवव्या दिवशी मी गेलो नाही, आणि मग गेलोच नाही. घरात कुणी रागावलंही नाही. शेतात एक माणूस वाढला.

पुढे चुलतभावाच्या मागे अंबरनाथला आलो. एमआयडीसीत हेल्परी केली. तिथल्या एका प्लॉटच्या मोजणीला सावंतसाहेब आले होते आणि त्यांचा ट्रायपॉड उचलायला माणूस हवा होता. मी उचलला, तो अजून उचलतोय. दशांश चिन्ह मला साहेबांनी शिकवलं, चहाच्या टपरीवर, बिस्किटाच्या पुड्यामागे लिहून. आज मशीन मी लावतो, नकाशा मी वाचतो. सही आणि शिक्का मात्र साहेबांचा. कागदावर मी अजून हेल्पर आहे. साहेबांनी उद्या नको म्हटलं तर दुसरीकडे कुणी मला मशीनला हात लावू देणार नाही. हे मी कधीच विसरत नाही.

आता शाळेचं. पालेगावच्या पुढे टॉवर उभे राहताहेत, तिथली ही नवी माध्यमिक शाळा, आठवी ते दहावी. पहिल्या वर्षी फक्त आठवीचा एक वर्ग होता. जागा पंचेचाळीस, फॉर्म शंभराच्या वर. जमीन भोईर अण्णांनी दिलेली. अण्णा इथले जुने शेतकरी, ट्रस्टचे अध्यक्ष. मुख्याध्यापिका मोकाशी बाई. बाईंनी पहिल्याच मीटिंगमध्ये सांगून टाकलं होतं की मार्क बघायचे नाहीत, मुलाखत नाही, डोनेशन नाही, कुणाची चिठ्ठी नाही. ज्याचं घर जवळ, त्याचं मूल आधी. या सगळ्यात एखादा नियम गरीब-श्रीमंत बघत नसेल तर तो हाच, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि मला ते पटलं होतं.

आधी पालकांना मोबाइलच्या नकाशावर घराची पिन टाकायला सांगितलं. पिना सरकायला लागल्या. तीन कुटुंबांची घरं तर शाळेच्या मैदानातच निघाली. तेव्हा भोईर अण्णा साहेबांना म्हणाले, "सावंत, तुमचं चाक फिरवा. चाकाला कुणाचा फोन येत नाही."

चाक म्हणजे मेजरिंग व्हील. एका दांड्याला एक चाक, त्याला आकडे फिरणारा काउंटर. दांडा धरून चालत जायचं. चाकाचा एक फेरा म्हणजे एक मीटर. सोपं काम आहे, पण त्याला दोन नियम आहेत.

पहिला नियम शून्याचा. मोजणी जिथून सुरू होते तिथे रस्त्यात खिळा ठोकायचा आणि भोवती पिवळा रंग द्यायचा. साहेबांनी मला पहिल्या महिन्यात शिकवलेलं वाक्य आहे, "शून्य कुठे ते विचार, आणि तिथेच का तेही विचार." शाळेत अण्णा स्वतः पुढच्या फाटकात उभे राहिले, बूट आपटून म्हणाले, "इथे मार." मी मारला. कुठे ते कळलं होतं, का ते मी विचारलं नाही. अध्यक्षांना काय विचारणार?

दुसरा नियम परतीचा. जाताना जेवढं भरलं तेवढंच येताना भरलं पाहिजे. काउंटर पुन्हा शून्यावर आणून त्याच वाटेने चाक फिरवत परत यायचं आणि दोन्ही आकडे फील्ड बुकात शेजारी शेजारी लिहायचे. किलोमीटरमागे मीटर-दोन मीटर इकडेतिकडे झाले तर चालतात. जास्त फरक आला तर पुन्हा चालायचं. परतीचा आकडा ही मोजणाऱ्याची जबानी असते.

दहा दिवस मी चाललो. टॉवरचं गेट, चाळीचं तोंड, बैठ्या घरांच्या गल्ल्या. उंबरवाडी सगळ्यात शेवटी ठेवली होती. मे महिन्याची दुपार होती. फाटकातून निघालो, नव्या डांबरी रस्त्याने टॉवरांना वळसा घातला, हायवेला लागलो आणि तिथून उलटा फिरून वाडीच्या कच्च्या रस्त्याला. वाडीतल्या पहिल्या घराशी काउंटरवर तीन हजार सहाशे चाळीस आले. वाडी कामाला गेलेली. एका पडवीत एक म्हातारा बसला होता, त्याने पाणी दिलं. मी परत रस्त्याकडे वळलो तसा तो हसला आणि हाताने खाली दाखवून म्हणाला, "असा जा की. मंग मोठी शाळाच हाये."

मी चाक खांद्यावर घेतलं आणि तसा गेलो.

उतार उतरलो. खाली ओढा, त्यावर साकव, म्हणजे सिमेंटचे दोन पाइप टाकून वर मातीचा भराव घातलेला चालण्यापुरता पूल. पुढे पडीक शेताचा बांध. बांध संपला तिथे समोर शाळेची मागची भिंत आली, आणि भिंतीत लोखंडी फाटक. साखळी आणि कुलूप. पलीकडे बकऱ्या शिरून नवीन झाडं खातात म्हणून ते बंद ठेवलं होतं. कामावरच्या बायका कुलपाशेजारच्या फटीतून अंग चोरून आत येतात, हे मी रोज बघत होतो. मीही तसाच आत आलो. मोबाइलमध्ये बघितलं. वाडीतून निघून पाव तासही झाला नव्हता.

पुढच्या फाटकाच्या सावलीत बसलो आणि फील्ड बुकात परतीच्या रकान्यात लिहिलं, तीन हजार सहाशे बेचाळीस. दोन मीटरचा फरक मी मुद्दाम ठेवला होता. हुबेहूब तोच आकडा आला की साहेबांना शंका येते.

एवढं मी केलं होतं. चौदा वर्षांत पहिल्यांदा. आणि दहा दिवसांनी यमुनाबाई घमेलं काखेत घेऊन विचारत होत्या, तेवढं कोण चाललं.

तो शनिवार होता. यादी कच्ची होती. हरकती सोमवारी संध्याकाळी पाचपर्यंत द्यायच्या होत्या, त्यानंतर ती पक्की. यमुनाबाईंना हरकत म्हणजे काय ते माहीत नव्हतं. बोर्डावर ते लिहिलं होतं, पण कुणी वाचून दाखवलं नव्हतं.

दुपारी त्या भाकरी खायला बसल्या तेव्हा मी शेजारी जाऊन टेकलो. त्यांच्या लेकीचं, मनीचं विचारलं. मनी सातवी पास झाली होती. वाडीतली एकूण पाच मुलं झाली होती, मुली त्यात दोन. आश्रमशाळा लांब होती. मनी पाचवीला तिथे राहून आली होती, तीनदा पळून आली. दिवाळीनंतर यमुनाबाई आणि त्यांचा नवरा वीटभट्टीवर जातात ते पावसाच्या तोंडाला येतात; यंदा शाळेचं काम होतं म्हणून त्या थांबल्या होत्या. शाळा जवळ असेल तर मनी आजीपाशी वाडीत राहील, रोज जाईल, रोज येईल.

"आन् नाय लागली तर?" मी विचारलं. त्यांच्याशी बोलताना माझी भाषाही गावाकडे जाते.

"मंग भट्टीवर," यमुनाबाई म्हणाल्या. "मातीत. अजून काय."

त्या सांगताना रडत वगैरे नव्हत्या. भाकरीचा तुकडा मोडत होत्या.

संध्याकाळी खोलीवर गेलो. मी जिथे राहतो ती चाळ आक्कांची. आक्का मूळच्या साताऱ्याकडच्या, नवरा ऑर्डनन्स फॅक्टरीत होता. मी अंबरनाथला आलो त्या वर्षी मला कावीळ झाली तेव्हा महिनाभर त्यांनी मला पथ्याचं जेवण दिलं. भाड्याला चार महिने उशीर झाला तरी एकदा तोंड वाकडं केलं नाही. त्यांचा नातू रोहन यादीत त्रेचाळिसावा होता.

आक्का दारातच उभ्या होत्या. माझ्या हातावर पेढा ठेवला. "तुझ्या चाकानं पोरगं लागलं रे," म्हणाल्या. रोहन मागे लाजून उभा होता.

पेढा मी खाल्ला. नाही म्हणता येईना. मग खोलीत जाऊन हिशेब केला. वाडीची पाच मुलं वर आली तर खालची पाच बाहेर जाणार. पंचेचाळीसमधून पाच गेले. चाळीस. रोहन त्रेचाळीस.

रविवारी सकाळी साहेबांच्या घरी गेलो. साहेब बाल्कनीत पेपर वाचत होते. फील्ड बुक मी बरोबर नेलं होतं, उंबरवाडीचं पान उघडून समोर ठेवलं. काय सांगायचं ते रात्रभर जुळवलं होतं, पण तोंडातून एवढंच आलं, "साहेब, परतीचा आकडा मी बसून लिहिला."

साहेबांनी चष्मा काढला. "चालला नाहीस?"

"चाललो. पण दुसऱ्या वाटेने. चाक खांद्यावर होतं."

"बाकीची पानं?"

"बाकीची सगळी चाललोय साहेब. हे एकच."

"ते मला आता कसं कळणार?" साहेब म्हणाले.

साहेब ओरडले असते तर बरं झालं असतं. ते आत गेले, बराच वेळ आले नाहीत. मी मनात खोलीतलं सामान मोजत होतो, किनवटला न्यायचं झालं तर किती पिशव्या होतील ते. मग साहेब बाहेर आले. पायात बूट होते.

"चाक घे," म्हणाले. "आणि गावनकाशाची गुंडाळी."

साहेबांचं वय एकसष्ट, उजवा गुडघा दुखतो. तरी माझ्याबरोबर चालले. मागच्या फाटकाच्या कुलपाखाली मी खडूने खूण केली, काउंटर शून्यावर आणला आणि निघालो. बांध, साकव, उतार. वाडीत आज माणसं होती. चाक बघून पोरं मागे लागली. मनी पुढे आली, वाकून काउंटर वाचायला लागली. बारीक, अंगावर शाळेचाच निळा फ्रॉक, खालची दुमड उसवून लांब केलेला.

"किती आले गं?" साहेबांनी विचारलं.

"आठशे सत्तर."

"किलोमीटरला किती कमी?"

"एकशे तीस." तिने वर बघितलंसुद्धा नाही.

परत येताना आठशे एकाहत्तर भरले. मनी फाटकापर्यंत चाकाबरोबर आली. तिला वाटत होतं की तिला शाळेत घ्यायचं का ते हे चाकच ठरवतं. तिचं चुकत नव्हतं.

फाटकाशी साहेबांनी भिंतीवर गावनकाशा पसरला. गावनकाशा म्हणजे पूर्ण गावाच्या शेतांचा, वाटांचा जुना सरकारी नकाशा. त्यात गाडीवाट दोन तुटक रेघांनी दाखवतात आणि पायवाट एका तुटक रेघेने. साहेबांनी बोट ठेवलं. वाडीतून ओढ्यावर, ओढ्यावरून बांधाने, आणि बांधावरून नेमकी आम्ही उभे होतो तिथून पुढे गावाकडे एक तुटक रेघ जात होती. शाळेच्या भिंतीने ती मधोमध कापली होती.

मला वाटलं काम संपलं. साहेबांनी बुक उघडलं आणि डोळे मिटून पाच पानांवर बोट ठेवलं. "ही पाच घरं पुन्हा. जाताना, येताना. मी बरोबर आहे."

ऊन उतरेपर्यंत आम्ही ती पाच घरं चाललो. साहेब लंगडत होते, बसा म्हटलं तर बसत नव्हते. पाचही आकडे जुळले. शेवटच्या घराशी ते एवढंच म्हणाले, "ठीक." तरी मला नोकरीचं विचारायची हिंमत झाली नाही.

सोमवारी दुपारी तीनला शाळेच्या ऑफिसात मीटिंग झाली. अण्णा, मोकाशी बाई, ट्रस्टचे आणखी दोघं आणि आम्ही. साहेबांनी नवीन आकडा टेबलावर ठेवला. अण्णा वैतागले. यादी लागली आहे, लोकांनी पेढे वाटले आहेत, आता नावं खाली केली तर गावात तोंड कुठे दाखवायचं, असं त्यांचं म्हणणं. आणि फाटक म्हणजे पुढचंच फाटक, पाटी तिथे आहे, मागचं बकऱ्यांसाठी बंद आहे. शिवाय जोराचा पाऊस आला की साकव पाण्याखाली जातो. त्याला वाट कसं म्हणायचं?

एक ट्रस्टी म्हणाले, "सावंत, तुमचा माणूस दहा दिवस काय करत होता?"

साहेबांनी मान वळवली नाही. "ते तोच सांगेल," म्हणाले.

मी उभा राहिलो. सांगितलं. चाक खांद्यावर घेतलं होतं, परतीचा आकडा बसून लिहिला, तो खोटा आहे. बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. पुढचं मी अण्णांकडे बघून बोललो. "अण्णा, मी ती वाट चाललो तेव्हाच मला कळलं होतं की वाडी जवळ आहे. बोललो नाही. खिळा तुम्ही दाखवला तिथे ठोकला होता. तिथेच का, ते मी विचारलं नाही."

अण्णांनी गावनकाशा स्वतःकडे ओढला. बराच वेळ ते त्या तुटक रेघेवर अंगठा फिरवत होते.

"ही वाट आमच्या बापाच्या खळ्यावरून जायची," ते म्हणाले. "वाडीची माणसं सकाळी भाताच्या कापणीला याच वाटेने यायची. मी बारका असताना त्यांच्याबरोबर ओढ्यावर खेकडे धरायला जायचो." मग म्हणाले, "भिंतीचं काम चाललं होतं तेव्हा मी रोज इथे होतो. मला एकदाही आठवलं नाही."

बाईंनी कोरा कागद घेतला आणि नियम पुन्हा लिहिला. आधी होतं, शाळेपासूनचे अंतर. आता लिहिलं, शाळेच्या कोणत्याही फाटकापासून, पायी जाण्याच्या सर्वांत जवळच्या वाटेने. एवढाच बदल. पावसाचं त्यांनी वेगळं लिहिलं, की साकव पाण्याखाली असेल त्या दिवसांची गैरहजेरी मुलांच्या नावावर धरायची नाही. मग त्या म्हणाल्या, नियम सगळ्यांना एकच लागतो, तेव्हा मागच्या फाटकापासून सगळीच घरं पुन्हा मोजा. पक्की यादी दहा दिवस पुढे गेली.

अण्णांनी सही केली. उठताना ट्रस्टींना म्हणाले, "फोन येतील ते माझ्याकडे पाठवा."

मी पुन्हा चाललो. या वेळी साहेबांनी परतीला बरोबर दुसरा माणूस दिला, आणि परतीचा आकडा त्याच्या अक्षरात लिहायचा असं ठरवलं. मला ते लागलं. लागायलाच हवं होतं.

वरच्या नावांची थोडी उलटापालट झाली. वाडीची पाचही मुलं वर आली. खालची पाच गेली. रोहनचं घर मागच्या फाटकाकडूनही तेवढंच लांब भरलं. मी ते दोनदा मोजलं. दुसऱ्यांदा मोजताना काउंटरकडे बघत नव्हतो, आकडा कमी यावा म्हणून आपण चाक कुठे उचलतो तर नाही ना, ते बघत होतो.

यादी लागायच्या आदल्या दिवशी आक्कांना मीच सांगितलं. दुसऱ्याकडून कळायला नको होतं. त्या तांदूळ निवडत होत्या. सगळं ऐकून घेतलं.

"तूच मोजलंस आणि तूच पुसलंस," म्हणाल्या.

"पुसलं नाही आक्का. चुकलं होतं ते दुरुस्त केलं."

"माझ्यासाठी एकच." आणि ताटातला खडा उचलून बाहेर टाकला.

खोली सोड म्हणाल्या नाहीत. संध्याकाळचा चहाही बंद झाला नाही. फक्त आधी त्या हाक मारायच्या, आता रोहन कप आणून उंबऱ्यावर ठेवतो. दोन मुलांनी प्रवेश घेतला नाही म्हणून वेटिंगची पहिली दोन आत गेली. रोहन वेटिंगला तिसरा होता. तो आता स्टेशनकडच्या शाळेत शेअर रिक्षाने जातो. सकाळी लवकर निघावं लागतं. मी कामाला निघताना तो भेटला की "काका, येतो" म्हणतो. त्याने मला कधी काही विचारलेलं नाही.

मागच्या फाटकाचं कुलूप निघालं. बकऱ्यांचा प्रश्न राहिलाच होता. तो यमुनाबाईंनी सोडवला. माणूस वळून शिरेल पण बकरी शिरणार नाही असे वाकडे पाइप लावा, भट्टीच्या आवाराला तसे असतात, असं त्यांनी फॅब्रिकेटरला जमिनीवर काडीने काढून दाखवलं. मला त्या प्रवेशाबद्दल काही बोलल्या नाहीत. बोलण्यासारखं मी काही केलंही नव्हतं. दिवाळीनंतर त्या भट्टीवर गेल्या. मनी आजीपाशी राहिली. पावसात साकव काही दिवस बुडाला होता. त्या दिवसांच्या रकान्यात बाईंनी गैरहजेरीची खूण न करता छोटी तुटक रेघ मारलेली आहे.

माझी नोकरी राहिली. साहेबांनी त्या विषयावर पुन्हा एकच गोष्ट केली. फील्ड बुकात खोडरबर चालत नाही. चुकलेला आकडा एका रेघेने कापायचा, तोही असा की खालचा वाचता आला पाहिजे, आणि बाजूला कापणाऱ्याने सही करायची. साहेबांनी उंबरवाडीचं पान काढून पेन माझ्या हातात दिलं. चौदा वर्षांत त्या बुकात माझी ती पहिली सही. तीन हजार सहाशे बेचाळीस अजून तिथे स्वच्छ वाचता येतात.

परतीला बरोबर माणूस अजून असतो. मी आता त्याला स्वतःहून हाक मारतो. आणि कुठल्याही साइटवर खिळा ठोकायच्या आधी कंपाउंडला बाहेरून एक पूर्ण फेरी मारतो. मागे फाटक आहे का, त्याला कुलूप आहे का, कुलपाशेजारची माती पायांनी घट्ट झालेली आहे का, ते बघतो. फील्ड बुकात या फेरीसाठी रकाना नाही. मी समासात लिहितो.